जुन्या सायकलींचे भाग : एक आगळा छंद



पोस्टाची तिकिटे जमवणारे लोक तुम्हांला माहीत असतील. कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रे जमवतो. उर्दूत ज्याला आपण ‘शौक’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘छंद’ म्हणतात. असाच एक आगळा छंद आहे. काही लोक जुन्या सायकलींचे भाग जमवतात. त्यांच्याकडे घंट्या असतात, दिवे असतात, कातडी सीट असतात आणि दातेरी चक्रेही असतात.

“सायकलचे जुने भाग कशाला जमवायचे? ते तर भंगारात जातात!” असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे खरे आहे. ते भंगारातच जातात. भंगारवाला त्यांचे वजन करतो, किलोप्रमाणे पैसे देतो आणि पुढे ते भट्टीत वितळतात. तराजूला फक्त वजन कळते. तो भाग कोणी बनवला, केव्हा बनवला आणि कोणत्या युक्तीने बनवला, हे तराजूला कळत नाही. ते माणसालाच शिकावे लागते. या पाठात आपण तेच शिकणार आहोत.

सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागात शिराळा हे गाव आहे. नागपंचमीसाठी ते दूरवर माहीत आहे. हा भाग डोंगराळ आहे. रस्ता कधी चढतो, कधी उतरतो. अशा रस्त्यांवरून एके काळी काळ्या रंगाच्या, उंच, मजबूत सायकली धावत होत्या. पोस्टमन पत्रांची पिशवी लावून निघत असे. गवळी दुधाच्या किटल्या अडकवून नेत असे. शेतकरी कॅरिअरवर गवताचा भारा बांधत असे. मोठा चढ आला, की माणूस खाली उतरे आणि सायकल ढकलत नेई. लहान मुलांचे पाय सीटवरून पायडलपर्यंत पोचत नसत. म्हणून ती मधल्या दांडीखालून पाय घालून सायकल चालवत. घरात अशी एक सायकल असणे ही मोठी गोष्ट मानली जाई. आज त्या सायकलींची जागा मोटारसायकलींनी घेतली आहे. जुन्या सायकली गोठ्यात, माळ्यावर किंवा परड्यात गंजत पडल्या आहेत.

ही सायकल आपल्याकडे आली कशी? आधी तिचा थोडा इतिहास पाहू. पूर्वीच्या सायकलीचे पुढचे चाक फार मोठे आणि मागचे फार लहान असे. त्यावरून पडण्याची भीती असे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल बनवली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि साखळीने मागचे चाक फिरत होते. आजची सायकल तिचीच वंशज आहे. तेव्हा टायर भरीव रबराचे होते, त्यामुळे हादरे बसत. १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर तयार केला. त्यानंतर सायकल चालवणे सुखाचे झाले.

त्याच १८८८ साली आपल्याकडेही एक महत्त्वाची गोष्ट घडली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे छोटे दुकान सुरू केले. तेथे सायकली विकल्या जात आणि दुरुस्तही होत. त्यांचे बंधू रामचंद्रराव यांनी त्यांना साथ दिली. दुरुस्ती करता करता लोखंडाचे काम हाती बसले. पुढे १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर बाजारात आणला. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातच आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या उद्योगाचे मूळ सायकलच्या दुकानात आहे.

असेच दुसरे दोन भाऊ अमेरिकेत होते. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट यांचेही सायकलचे दुकान होते. १९०३ साली त्यांनी पहिले विमान उडवले. त्या विमानाचे पंखे फिरवण्यासाठी त्यांनी साखळी आणि दातेरी चक्रे वापरली होती. ही कल्पना त्यांच्या ओळखीच्या सायकलीतलीच होती. सायकलचा एकेक भाग नीट समजून घेणारा माणूस किती पुढे जाऊ शकतो, ते या दोन उदाहरणांवरून दिसते.

आता आपण भागांकडे वळू. पायडल ज्या मोठ्या दातेरी चक्राला फिरवतात, त्याला चेनव्हील म्हणतात. जुन्या इंग्रजी कंपन्या चेनव्हीलमध्ये आपली खूण कोरून काढत. रॅले कंपनीच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यासारख्या पक्ष्यांची तोंडे दिसतात. बी.एस.ए. कंपनीच्या चेनव्हीलमध्ये तीच तीन अक्षरे असतात. रज कंपनीच्या चेनव्हीलमध्ये माणसाचा पंजा असतो. हंबर कंपनीच्या चेनव्हीलमध्ये तर छोटी छोटी माणसे गोल उभी केलेली दिसतात. सायकलीचा रंग उडाला, नाव पुसले, तरी चेनव्हील पाहून जाणकार माणूस तिचे कूळ सांगतो.

बी.एस.ए. या नावामागेही एक गोष्ट आहे. बर्मिंगहॅम शहरातील बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी १८६१ साली ही कंपनी काढली. म्हणून तिच्या खुणेत एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतात. बंदुकीची नळी जितकी अचूक करावी लागते, तितक्याच अचूकपणे त्यांनी सायकलचे भाग केले. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने घडी घालता येईल अशी सायकल बनवली. छत्रीधारी सैनिक विमानातून उतरताना ती बरोबर नेत.

चेनव्हीलचे दात मोजले, की एक गणितही सुटते. समजा, पुढे ४८ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला २० दात आहेत. ४८ ला २० ने भागले, की २.४ येतात. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक २.४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. म्हणून पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वापाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे चांगले. पण शिराळ्याच्या चढावर पाय दुखू लागतात. चढावर एका फेरीत कमी अंतर कापावे, म्हणजे जोर कमी लागतो.

यावर इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीने उपाय काढला. चाकाच्या मधल्या भागाला हब म्हणतात. त्यांनी हबच्या पोटातच तीन वेग बदलणारी छोटी चक्रे बसवली. १९३६ साली त्यांनी ‘ए.डब्ल्यू.’ नावाचा हब काढला. त्यात चढासाठी वेग चौथ्या हिश्श्याने कमी होतो, उतारासाठी तिसऱ्या हिश्श्याने वाढतो आणि मधला वेग नेहमीसारखा राहतो. या हबच्या कवचावर तो कोणत्या वर्षी बनला, त्याचा आकडा ठोकलेला असतो. त्यामुळे हब पुसून पाहिला, की चाकाचे वय समजते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. चाक नंतर बदललेले असू शकते. म्हणून एकाच भागावरून साऱ्या सायकलीचे वय ठरवू नये.

वय ओळखण्याची आणखी एक खूण म्हणजे धातूची चकाकी. १९३० च्या आधीच्या भागांवर बहुधा निकेलचा मुलामा असे. त्याची चमक किंचित पिवळसर असते. नंतर क्रोमचा मुलामा आला. त्याची चमक निळसर आणि आरशासारखी असते. दोन घंट्या शेजारी ठेवून उन्हात पाहिल्या, तर हा फरक सहज दिसतो.

जुने दिवे तर पाहण्यासारखे असतात. काही दिव्यांत तेलाची वात जळे. काही दिवे कार्बाइडचे असत. त्यांत खाली कार्बाइडचे खडे आणि वर पाणी असे. पाण्याचे थेंब खड्यांवर पडले, की ॲसिटिलीन नावाचा वायू तयार होई. तो पेटवला, की पांढरा लख्ख उजेड पडे. मग डायनॅमो आला. तो टायरला घासून फिरे आणि वीज तयार करी. सायकल जोरात गेली, की दिवा प्रखर होई; सायकल थांबली, की दिवा विझे. कार्बाइडचा दिवा तुमच्या हाती आला, तर तो पाहा, पुसा. पण पेटवून पाहू नका. तो वायू स्फोटक असतो.

कातडी सीट पाहिली, तर बहुधा तिच्यावर ‘ब्रुक्स’ हे नाव आढळेल. ही कंपनी १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झाली. तिच्या सीटचे जाड कातडे पितळी किंवा तांब्याच्या खिळ्यांनी लोखंडी चौकटीवर ताणून बसवलेले असते. वापरून वापरून ते कातडे बसणाऱ्याच्या शरीराचा आकार घेते. एखाद्या सीटवर एका बाजूला जास्त खोलगट दिसले, तर समजावे की एक माणूस तिच्यावर वर्षानुवर्षे तसाच झुकून बसला आहे. त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. पण त्याच्या कष्टाची खूण कातड्यावर राहिलेली असते.

हे सारे परदेशी भाग झाले. मग आपल्या देशात काय बनत होते? फार वर्षे सायकली बाहेरून येत. पुढे मुंबईत वरळीला ‘हिंद’ सायकली बनू लागल्या. स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले. १९४९ साली मद्रासची टी.आय. सायकल्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या हर्क्युलिस आणि फिलिप्स या सायकली गावोगावी पोचल्या. आसनसोलला सेन-रॅले कारखाना उभा राहिला. १९५१ साली सोनिपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियानाला हीरो या कंपन्या सुरू झाल्या. यांपैकी ॲटलसचा शेवटचा चालू कारखाना साहिबाबादला होता. तो ३ जून २०२० रोजी बंद पडला. ३ जून हा जागतिक सायकल दिन आहे, हा मोठाच दुर्दैवी योगायोग!

म्हणून ‘रॅले’ हे नाव वाचून लगेच तो भाग इंग्लंडचा आहे असे म्हणू नका. तो नॉटिंगहॅमचा असेल किंवा आसनसोलचाही असेल. त्यावर देशाचे नाव ठोकलेले असते, ते शोधा. काही संग्राहक ‘मेड इन इंग्लंड’ असेल तरच भाग घेतात आणि ‘मेड इन इंडिया’ असेल तर टाकून देतात. हे योग्य नाही. नव्याने स्वतंत्र झालेला देश स्वतःची सायकल स्वतः बनवायला शिकत होता. तिचा साक्षीदार असलेला भाग भट्टीत गेला, तर तो पुन्हा मिळणार नाही.

नगरपालिकेचे बिल्ले हीसुद्धा जमवण्याजोगी वस्तू आहे. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत. कर भरला, की पितळी किंवा ॲल्युमिनियमचा छोटा बिल्ला मिळे. तो सायकलीला लावावा लागे. बिल्ल्यावर गावाचे नाव, वर्ष आणि क्रमांक असे. आता हा कर राहिला नाही. पण जुन्या सायकलीवर असा बिल्ला अजून आढळतो.

भाग मिळाला, की तो कसा सांभाळावा? आधी कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. लोखंडी भागावर गंज असेल, तर थोडे रॉकेल लावून मऊ ब्रशने हळूहळू साफ करावे. हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली आणि विस्तवापासून दूर करावे. सॅंडपेपर वापरू नये. त्याने गंज निघतो. पण मुलामा आणि ठोकलेली अक्षरेही निघून जातात. कातडी सीटला रॉकेल कधीच लावू नये. जुन्या पंपांचे आणि हँडलच्या मुठींचे काही प्रकार सेल्युलॉइडचे असत. ते चटकन पेट घेतात. म्हणून ते विस्तवाजवळ ठेवू नयेत.

भाग काढताना तर ज्ञान लागतेच. उजव्या पायडलचे आटे सरळ असतात आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. असे का? पायडल मारताना डावे पायडल आपोआप सैल होऊन पडू नये, म्हणून. ज्याला हे ठाऊक नाही, तो डावे पायडल सोडवायला जातो आणि उलट अधिकच घट्ट करतो. मग रागाने हातोडा मारतो आणि साठ वर्षे टिकलेला भाग एका मिनिटात मोडतो.

पण हे आपल्याला शिकवणार कोण? तुमच्या गावातला सायकल दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री शिकवील. चाकाचा आऊट कसा काढायचा, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा का असतात, हे त्याला विचारा. मागच्या चाकावर माणसाचा आणि सामानाचा भार जास्त पडतो, असे तो सांगेल. नुसत्या आवाजावरून तो ओळखतो, की हबमधले छर्रे झिजले आहेत. भाग लोखंडाचा असतो, तो गंजला तरी काही वर्षे टिकतो. मिस्त्रीचे ज्ञान मात्र त्याच्या दुकानाबरोबर बंद होते. त्याची मुले दुसऱ्या कामाला लागलेली असतात आणि त्याने हे कोठे लिहून ठेवलेले नसते. म्हणून आपल्याला दोन गोष्टी जमवायच्या आहेत : भाग आणि त्या भागाची माहिती. माहितीशिवाय जमवलेला भाग म्हणजे आपल्या घरात आणून ठेवलेले भंगारच होय.

पुण्यात हे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. विक्रम पेंडसे यांनी अनेक वर्षे जुन्या सायकली आणि त्यांचे भाग जमवले, दुरुस्त केले आणि कर्वेनगर भागात त्यांचे संग्रहालय उभारले. ते २०१७ साली सुरू झाले. दीडशेहून अधिक सायकली आणि त्यांच्याबरोबर दिवे, घंट्या, पंप, सीट अशा असंख्य वस्तू तेथे मांडण्यात आल्या. यांतल्या कितीतरी वस्तू भंगारात गेल्या असत्या.

या छंदाचे काही नियम आहेत. ते पैशांपेक्षा महत्त्वाचे आहेत. पहिला नियम असा, की चालती सायकल भागांसाठी मोडू नये. एखादा मजूर त्याच सायकलवरून कामाला जात असेल, तर तिची जागा रस्त्यावरच आहे. दुसरा नियम असा, की सोडवलेल्या प्रत्येक भागावर चिठ्ठी बांधावी, म्हणजे तो पुन्हा जागेवर बसवता येईल. तिसरा नियम असा, की भाग कोठून आला हे माहीत नसेल, तर तो घेऊ नये. तो चोरीचा असू शकतो. चौथा नियम सर्वांत अवघड आहे. समजा, एखाद्या घरातील म्हातारी आजी पतीची सायकल भंगाराच्या भावाने विकत आहे आणि तिच्यावरचा दिवा मौल्यवान आहे हे फक्त तुम्हांला ठाऊक आहे. अशा वेळी तुम्ही काय कराल? गप्प राहून दिवा स्वस्तात घ्याल, की तिला खरे सांगाल? खरे सांगितले, तर कदाचित दिवा तुम्हांला परवडणार नाही. तरीही खरेच सांगावे. ज्या वस्तूकडे पाहताना आपली मान खाली जाते, ती वस्तू घरात ठेवून काय उपयोग?

“आमच्याकडे तर पैसे नाहीत, मग आम्ही हा छंद कसा करावा?” असे कोणी विचारील. त्यावर एक सोपा उपाय आहे. एक कोरी वही आणि एक मऊ पेन्सिल घ्या. मालकाची परवानगी घेऊन जुन्या सायकलीवरील अक्षरांवर पातळ कागद ठेवा आणि त्यावर पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. ठोकलेली अक्षरे कागदावर उमटतील. तो कागद वहीत चिकटवा. खाली लिहा : भागाचे नाव, कंपनी, देश, सायकल कोणाची, ती कोणत्या कामासाठी वापरली, कोणत्या गावाला जात असे. शेवटी मिस्त्रीने सांगितलेली एक तरी गोष्ट लिहा. वस्तू मालकाकडेच राहील आणि तिची ओळख तुमच्याजवळ येईल. अशी वही भरली, की तुम्हीही संग्राहक झालात.

तुमच्या आजोबांना, चाचांना किंवा शेजारच्या काकांना विचारा. कोणाच्या तरी परड्यात एक काळी सायकल भिंतीला टेकून उभी असेल. भंगारवाल्याची हाक येण्याआधी तुम्ही तिच्याकडे जा. चेनव्हीलवरची माती पुसा आणि तिथे काय कोरले आहे, ते वाचा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींचे दुकान कोठे सुरू केले?
(आ) डाव्या पायडलचे आटे कसे असतात?
(इ) बी.एस.ए. कंपनीच्या खुणेत बंदुका का आहेत?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) एकाच भागावरून सायकलीचे वय का ठरवू नये?
(आ) भागाबरोबर माहितीही का जमवावी?

३. गणित करा : पुढे ४४ दात आणि मागे २२ दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरेल?

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत चालणारे पाच शब्द या पाठातून शोधा. उदा., दुकान, कारागीर.

५. चर्चा करा : पाठातील आजीला तुम्ही खरे सांगाल का? का?